वैद्यकीय विद्यार्थ्यांना संशोधनात रस आहे. वेळ आणि गाईड नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हल्लीच्या एमबीबीएसच्या मुलांना संशोधनात रस नाही, त्यांना फक्त पीजीची (पदव्युत्तर अभ्यासक्रमाची) सीट हवी’ हे वाक्य वैद्यकीय महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये उठता-बसता ऐकू येते. ते अर्धे खरे आहे. सीट हवी असते, आणि त्यात गैर काहीच नाही. पण रस नाही, हे मात्र पटण्यासारखे नाही. हे पत्र त्यासाठीच, कारण विद्यार्थ्यांना दोष दिला की महाविद्यालयाची जबाबदारी आपोआप झाकली जाते.

या विषयावर देशात आणि परदेशात पुष्कळ पाहण्या झाल्या आहेत. त्या सगळ्यांचा सूर बहुतेक एकच असतो: बहुसंख्य विद्यार्थी ‘संशोधन महत्त्वाचे आहे’ म्हणतात, प्रत्यक्ष केलेले थोडे असतात, आणि न करण्याची कारणे म्हणून वेळ नाही, मार्गदर्शक नाही, प्रशिक्षण नाही, पैसे नाहीत असे सांगतात. मात्र या पाहण्या कशा होतात तेही बघावे. गूगल फॉर्म बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला जातो. ज्याला विषयात गोडी आहे तो भरतो, बाकीचे सोडून देतात. दोनशेच्या बॅचमधल्या सत्तर जणांनी भरला तर न भरलेल्या एकशेतीस जणांचे मत कुठेच येत नाही, आणि टक्केवारी मात्र संपूर्ण बॅचच्या नावावर छापली जाते. शिवाय ‘संशोधनामुळे रुग्णसेवा सुधारते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर कोण देईल? असल्या प्रश्नांतून वृत्ती कळत नाही, फक्त शिष्टाचार कळतो. त्यापेक्षा विचारावे: गेल्या वर्षभरात एखादा शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला का? येत्या दोन महिन्यांत दर शनिवारी दुपारचे दोन तास देणार का? आणि त्याही आधी महाविद्यालयाचे दप्तर उघडावे. एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीकडे) विद्यार्थ्यांचे किती प्रस्ताव आले, किती मंजूर झाले, त्यातले किती पूर्ण झाले? हे तीन आकडे शंभर गूगल फॉर्मपेक्षा जास्त सांगतात.

अशा पाहण्यांत आणखी एक गोष्ट सर्रास विसरली जाते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात सतरा वर्षांची मुले असतात. अठराच्या आतल्या विद्यार्थ्याकडून प्रश्नावली भरून घ्यायची तर त्याच्या स्वतःच्या होकाराबरोबर पालकांची संमतीही लागते. शिवाय आपल्याच विभागाच्या शिक्षकाने दिलेला फॉर्म ‘नको’ म्हणण्याची सोय विद्यार्थ्याला खरोखर असते का, हा प्रश्न आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनीही गंभीर मानला आहे. तरीही विद्यार्थ्यांचे संशोधन म्हणजे वर्गमित्रांचीच प्रश्नावली, असा पायंडा पडला आहे. कारण सरळ आहे: रुग्ण शोधावे लागत नाहीत.

आता वेळेचे पाहू. नीट-पीजी या प्रवेश परीक्षेत दोनशे प्रश्न, साडेतीन तास, आठशे गुण. संशोधनाला तिथे एकही गुण नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून मुले प्रश्नपेढ्या सोडवत बसतात याचे आश्चर्य वाटायला नको. ज्या गोष्टीला परीक्षेत वजन नाही, वेळापत्रकात तास नाही आणि विभागात माणूस नाही, ती गोष्ट विद्यार्थ्याने स्वतःच्या झोपेतून काढावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. २०१९ च्या अभ्यासक्रमात दोन महिन्यांचे इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीचे काम निवडण्याचा काळ, आले. त्यातला पहिला भाग प्रयोगशाळेत किंवा चालू संशोधन प्रकल्पात घालवण्याची तरतूद होती. ती जागा सोन्यासारखी होती. पुढे हा काळ आखडला, आणि जिथे विभागात चालू प्रकल्पच नाही तिथे इलेक्टिव्ह म्हणजे लॉगबुकात सही घेण्यापुरते उरले.

चालू प्रकल्प का नाही, याचे उत्तर विद्यार्थ्यांच्या वृत्तीत सापडणार नाही. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांनी काय प्रकाशित केले, याचा एक हिशेब २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३३२ संस्थांच्या नावावर, म्हणजे निम्म्याहून अधिक संस्थांच्या नावावर, दहा वर्षांत एकही शोधनिबंध नव्हता. वर्षाला शंभराहून जास्त निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५ होत्या, आणि देशाच्या एकूण कामापैकी चाळीस टक्के त्यांचेच होते. ज्या तलावात दहा वर्षे कोणी पोहलेच नाही, तिथल्या मुलांना पोहता येत नाही म्हणून बोल लावण्यात अर्थ नाही.

विद्यार्थ्यांसाठी सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत चांगली वाट म्हणजे आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, मुले जिला एसटीएस म्हणतात. १९७९ पासून ती चालू आहे. आपल्याच महाविद्यालयातला गाईड घ्यायचा, प्रस्ताव ऑनलाइन पाठवायचा, मंजूर झाला की दोन महिन्यांत काम करून अहवाल द्यायचा. अहवाल स्वीकारला गेला तरच प्रमाणपत्र आणि विद्यावेतन. योजना साधी आहे, पण प्रस्ताव लिहितानाच बहुतेक कामांचा पाया कच्चा राहतो. कसा, ते एका उदाहरणाने सांगतो.

समजा प्रश्न असा आहे: आपल्या ओपीडीत रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली, म्हणजे नियंत्रणात, आहे? अंदाज ५० टक्के धरला आणि उत्तर पाच टक्क्यांच्या फरकाने हवे असे ठरवले, तर सूत्राप्रमाणे ३८५ रुग्ण लागतात. प्रस्तावात हा आकडा दिमाखात लिहिला जातो. आता दोन महिन्यांतून रविवार आणि सुट्ट्या वजा करा, शेवटचे दोन आठवडे मांडणीला आणि लिखाणाला ठेवा. हातात छत्तीसच्या आसपास दिवस उरतात. म्हणजे रोज अकरा रुग्ण. एका रुग्णाला गाठणे, मराठीत समजावून सांगणे, संमतीपत्रावर सही घेणे (अंगठा असेल तर त्रयस्थ साक्षीदार शोधणे), पाच मिनिटे शांत बसवणे, दोनदा रक्तदाब मोजणे, गोळ्यांची चौकशी करणे, यात पंचवीस मिनिटे सहज जातात. अकरा रुग्णांचे साडेचार तास झाले. ओपीडी सकाळी नऊ ते एक, आणि त्यातच विद्यार्थ्याचे लेक्चर आणि वॉर्ड पोस्टिंग. हे होणे नाही. होत नाही म्हणून मग पोस्टिंग बुडते, किंवा चाळीसाव्या दिवशी उरलेले फॉर्म हॉस्टेलवर बसून भरले जातात. खोटा डेटा बहुधा बदमाशीतून जन्माला येत नाही, तो या न झेपणाऱ्या आकड्यातून जन्माला येतो.

तोच प्रश्न दहा टक्क्यांच्या फरकाने विचारला तर ९७ रुग्ण पुरतात. दिवसाला तीन, म्हणजे सव्वा तास. उत्तर येईल ‘साधारण ४० ते ६० टक्के’. मोठे नियतकालिक ते छापणार नाही, पण ते खरे असेल आणि त्या ओपीडीला उपयोगी पडेल. गाईडने पहिल्याच दिवशी हा हिशेब विद्यार्थ्याबरोबर कागदावर मांडला पाहिजे. तो न मांडणे ही गाईडची चूक आहे, विद्यार्थ्याची नव्हे.

मोजमापाचेही तसेच. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात. त्यामुळे प्रत्येक नोंदीचा शेवटचा आकडा ०, २, ४, ६ किंवा ८ असतो, आणि नीट मोजले तर प्रत्येकाचा वाटा एक पंचमांशाच्या आसपास यायला हवा. म्हणजे ९७ रुग्णांत शून्याने संपणाऱ्या नोंदी वीसच्या आसपास. प्रत्यक्षात विद्यार्थ्यांचे, आणि रेसिडेंटचेही, तक्ते उघडले की १२०, १३०, १४०, ८०, ९० अशी रांग दिसते. कोणी म्हणेल, दोन मिलिमीटरने काय बिघडते? आपल्या प्रश्नात सगळेच बिघडते. १४२ चे १४० लिहिले तर रुग्ण ‘नियंत्रणाबाहेर’ होता तो तसाच राहतो. पण १३८ चे १४० लिहिले की नियंत्रणात असलेला रुग्ण बाहेर जातो. जवळच्या शून्याकडे गोल करण्याची चूक या रेषेवर एकाच दिशेने होते, ती एकमेकांना खोडून काढत नाही. उत्तर पाच-दहा टक्क्यांनी सहज घसरते, आणि पुढे संख्याशास्त्राची कोणतीही चाचणी ते दुरुस्त करू शकत नाही. यावर उपाय फुकट आहे. पहिल्या वीस रुग्णांनंतर शेवटचे आकडे मोजायचे, शून्ये जास्त दिसली तर तिथेच थांबून पुन्हा मोजायला शिकायचे. पाऱ्याच्या यंत्राच्या जागी डिजिटल यंत्र असेल तर गोल करण्याचा प्रश्न मिटतो, पण मग कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) दंडाच्या मापाचा आहे ना आणि यंत्र तपासून घेतले आहे ना, हे बघावे लागते. जाड दंडाला लहान कफ लावला की रक्तदाब खोटा चढतो.

मास्टर चार्टची, म्हणजे सगळ्या नोंदींच्या एकत्र तक्त्याची, कथा वेगळी नाही. एक्सेलच्या एकाच रकान्यात ‘४५’, ‘४५ वर्षे’ आणि ‘४५/पु’. साखर तपासलीच नाही त्या जागी शून्य, मग सरासरी काढली की अख्ख्या गटाची साखर खाली येते. तारखांत दिवस आणि महिना यांची अदलाबदल, त्यामुळे एखादा रुग्ण भरती होण्याआधीच घरी गेलेला. हे टाळायला फार काही लागत नाही: एका रकान्यात एकच गोष्ट, न मिळालेल्या माहितीची जागा कोरी किंवा आधीच ठरवलेला वेगळा संकेत, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारे एक पान, मूळ फाइल कुलूपबंद आणि काम तिच्या प्रतीवर. दर दहा फॉर्मांमागे एक फॉर्म दुसऱ्या कोणी तरी पुन्हा भरून ताडून पाहावा. आणि कोणत्या तुलना करायच्या, ते डेटा हातात येण्यापूर्वी लिहून ठेवावे. वीस तुलना करून पाहिल्या तर प्रत्यक्षात काहीच फरक नसताना सरासरी एक तरी ०.०५ च्या खाली, म्हणजे ‘फरक लक्षणीय’ मानण्याच्या मर्यादेत, निव्वळ योगायोगाने येते, आणि निबंधात नेमकी तीच ठळक छापली जाते.

एथिक्स कमिटीबद्दल लिहिणे भाग आहे, कारण विद्यार्थ्यांचे दोन महिने सर्वाधिक तिथेच वाया जातात. कमिटीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, कोरमला किमान पाच सदस्य लागतात, त्यामुळे सभा लांबतात हे समजू शकते. पण सगळ्याच प्रस्तावांना पूर्ण सभा लागत नाही. धोका अगदी कमी असलेल्या कामांना त्वरित पडताळणीची आणि काही कामांना सूट देण्याची तरतूद आयसीएमआरच्या तत्त्वांतच आहे. निनावी केलेल्या जुन्या केसपेपरांवरचा अभ्यास आणि नव्या औषधाची चाचणी एकाच रांगेत उभी करणे म्हणजे विद्यार्थ्याला दारातूनच परत पाठवणे. महिन्याचा एक दिवस ठरवावा, त्याच्या दहा दिवस आधी प्रस्ताव घ्यावेत, आणि त्रुटी असतील तर त्या एकदाच, सगळ्या एकत्र कळवाव्यात. ‘संमतीपत्र मराठीत नाही’ हे पहिल्या सभेत आणि ‘माहितीपत्रकात गाईडचा फोन नाही’ हे दुसऱ्या सभेत, असे चालले की दोन महिने संपतात.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तर संशोधन सक्तीचेच आहे. थिसिस आहे, तो अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी द्यावा लागतो. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ऑनलाइन संशोधन अभ्यासक्रमही अनिवार्य आहे. तो अभ्यासक्रम चांगला आहे. पण हातात स्वतःचा प्रस्ताव नसताना, रात्रीच्या ड्युटीनंतर दुप्पट वेगाने पाहिलेल्या व्हिडिओतून प्रमाणपत्र तेवढे मिळते. सक्ती आहे पण सवड नाही, अशा ठिकाणी बाजार उभा राहतो. सिनॉप्सिसपासून (सुरुवातीच्या आराखड्यापासून) बाइंडिंगपर्यंत ‘थिसिस करून मिळेल’ अशी दुकाने महाविद्यालयांच्या आसपास आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उसनवारीची, म्हणजे इतरांच्या लिखाणाशी जुळणाऱ्या मजकुराची, टक्केवारी दहाच्या खाली आणली की युजीसीच्या २०१८ च्या नियमांतून सुटका होते, म्हणून वाक्यांतले शब्द बदलून ती खाली आणली जाते. आता तर मजकूर यंत्राकडून लिहून घेतला जातो आणि संदर्भयादीत कधीच न छापलेले निबंध येतात. तपासणाऱ्याने यादीतले कोणतेही पाच संदर्भ उघडून पाहिले तरी ते लगेच उघड होते. पण किती परीक्षक उघडतात?

शिक्षकांच्या बाबतीतही स्पष्ट बोलले पाहिजे. पदोन्नतीला निबंध लागतात, लेखकांच्या यादीत वरच्या क्रमांकावर असावे लागते. मग ज्या विद्यार्थ्याने पन्नास दिवस ओपीडीत उभे राहून डेटा गोळा केला त्याचे नाव चौथे, आणि ज्यांनी मसुदाही वाचला नाही त्यांचे दुसरे-तिसरे. लेखक कोणाला म्हणायचे याचे आंतरराष्ट्रीय निकष ठरलेले आहेत: कामात ठोस वाटा, लिखाणात किंवा त्याच्या दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि मजकुराची जबाबदारी. चारही हवेत. यातले एकही नसताना नाव लावणे ही विद्यार्थ्याच्या श्रमाची चोरी आहे, आणि ती पाहूनच तो संशोधनाबद्दलची आपली ‘वृत्ती’ ठरवतो. लेखकांचा क्रम प्रस्तावाच्या पहिल्या पानावर, काम सुरू होण्याआधी, सगळ्यांच्या सह्यांनी लिहिला तर पुढची बरीच कटुता टळेल. पैसे भरा आणि चार दिवसांत छापून घ्या, अशा नियतकालिकांकडे विद्यार्थ्याला ढकलणे हाही त्याच मोजदादीचा परिणाम आहे.

चांगले काय होऊ शकते, याची उदाहरणे आपल्याच मातीत आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन या औषधाच्या उपचारापर्यंतचे त्यांचे काम जगातल्या नामांकित नियतकालिकांत छापून आले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत तपासली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. दोन्हीकडे प्रश्न दारातला होता आणि नोंद काटेकोर होती. विद्यार्थ्यांना असे प्रश्न कमी नाहीत. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आणि सीमेपलीकडे गोव्यात सत्तरीत माकडताप आहे, विदर्भात स्क्रब टायफस (किडे चावून होणारा ताप) आहे, यवतमाळच्या कपाशीच्या शिवारात २०१७ मध्ये फवारणीतून विषबाधा झाल्या, नंदुरबार-गडचिरोलीत सिकलसेल आहे. सर्पदंशाचा रुग्ण गावातून निघाल्यापासून पहिली प्रतिविषाची मात्रा मिळेपर्यंत किती वेळ गेला, आणि तो वेळ कुठे गेला, एवढा एकच प्रश्न घेऊन ग्रामीण भागातले महाविद्यालय दहा वर्षे काम करू शकते. एका बॅचने फॉर्म बनवावा, पुढच्या बॅचने तोच चालवावा. दर वर्षी नवा विषय शोधण्याच्या हट्टामुळे आपल्याकडे दहा वर्षांची सलग नोंदवही कुठेच तयार होत नाही.

विद्यार्थ्याच्या हातून मोठे काही घडत नाही, असे कोणी म्हणू नये. स्वादुपिंडातल्या ज्या पेशीसमूहांना आज लँगरहान्सचे नाव आहे, ते पॉल लँगरहान्सने १८६९ मध्ये बर्लिनला विद्यार्थी असताना प्रबंधात नोंदवले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला ‘जे मॅक्लिन’ नावाचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी विल्यम हॉवेल या प्राध्यापकांकडे काम करत होता. रक्त गोठवणारा पदार्थ शोधणे हे त्याला दिलेले काम. हाती लागला तो उलट रक्त गोठू न देणारा, आणि त्याने तो निकाल बाजूला न टाकता १९१६ मध्ये छापला. हेपॅरिन या औषधाची कथा तिथून सुरू होते. अपेक्षेविरुद्ध आलेला निकाल आपल्या महाविद्यालयांत ‘चुकला’ म्हणून फाइलबंद होतो, गाईड रागावतात, आणि पुढचा विद्यार्थी अपेक्षित निकाल कसा आणायचा ते शिकून घेतो.

म्हणून आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आणि महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांकडे मागण्या मोजक्याच आहेत. इलेक्टिव्हमधला संशोधनाचा काळ पूर्ण द्यावा आणि त्या काळात वॉर्डची हजेरी मागू नये. प्रत्येक गाईडकडे दोनपेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत. जनऔषध वैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागातल्या संख्याशास्त्राच्या जाणकाराने आठवड्यातून एक दुपार फक्त विद्यार्थ्यांसाठी ठेवावी, आणि विद्यार्थ्यांनी तिथे डेटा गोळा झाल्यावर नव्हे, प्रस्ताव लिहिताना जावे. काही सरकारी महाविद्यालयांत केंद्राच्या योजनेतून उभारलेल्या बहुशाखीय संशोधन प्रयोगशाळा आहेत, त्यांची यंत्रे पदवीच्या विद्यार्थ्यांनाही हाताळू द्यावीत. ‘फरक आढळला नाही’ असा अहवालही पूर्ण काम म्हणून स्वीकारावा. आणि प्रत्येक महाविद्यालयाने दर वर्षी जूनमध्ये आपल्या संकेतस्थळावर चार आकडे टाकावेत: विद्यार्थ्यांचे किती प्रस्ताव आले, मंजुरीला सरासरी किती दिवस लागले, किती पूर्ण झाले, आणि जे अर्धवट राहिले ते कोणत्या टप्प्यावर अडले.

आपले विश्वासू,
वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवणारे काही शिक्षक